कंपनी तीच, देश वेगळा: चाकणहून स्टुटगार्टला जाताना डेप्युटेशन घ्यावं की लोकल करार?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. इथे वाचत बरीच वर्षं आहे, लिहितेय पहिल्यांदा. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चाकणला एका जर्मन वाहनभाग कंपनीत सप्लायर क्वालिटी बघते. अकरा वर्षं झाली. भोसरी, तळवडे, रांजणगाव इथल्या कास्टिंग आणि मशिनिंगच्या शॉपमध्ये जायचं, पीपॅपच्या (नवीन पार्ट चालू करण्याआधीच्या मंजुरीच्या) फायली तपासायच्या, रिजेक्शन वाढलं की तिथेच ठाण मांडायचं आणि मालकाने तिसऱ्यांदा चहा मागवला तरी एट-डी, म्हणजे दोष का आला आणि पुन्हा कसा टाळणार याचा अहवाल, लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं काम. सुरुवातीला "मॅडम, साहेब कधी येणार?" असं विचारायचे. आता मी येणार म्हटलं की आधीच गेज कॅलिब्रेट करून ठेवतात.

आता स्टुटगार्टजवळच्या मुख्य कार्यालयात जागा निघाली, मी अर्ज केला आणि निवड झाली. भारत, तुर्कस्तान आणि रोमानियातले पुरवठादार माझ्याकडे येतील. कामाची भीती नाही. कास्टिंगमधली पोरोसिटी, म्हणजे आतली बारीक छिद्रं, रोमानियात वेगळी दिसत नसावी. अडलंय ते कागदावर.

एचआरने दोन पर्याय दिलेत. पहिला, तीन वर्षांचं डेप्युटेशन. नोकरी पुण्याच्याच कंपनीची, पीएफ इथेच, वर जर्मनीचा भत्ता आणि घरभाडं. परत आल्यावर "समकक्ष जागा". दुसरा, इथे राजीनामा आणि तिकडच्या कंपनीचा लोकल करार. वर्षाला ७२,००० युरो, सहा महिने प्रोबेशन, पहिला महिना राहायची सोय कंपनीची. जॉइनिंग १ ऑक्टोबर म्हणताहेत.

घरचं सांगते, कारण त्याशिवाय सल्ला देता येणार नाही. नवरा अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. पक्की नोकरी आहे, ती कशी मिळते हे इथल्या लोकांना सांगायला नको. बिनपगारी रजा वर्षभराची मिळेल असं संस्थेचे लोक म्हणतात, पुढचं कोणी बोलत नाही. मुलगी आठ पूर्ण, सेमी इंग्रजीत आहे, जूनमध्ये चौथीत जाईल. सासूबाई आमच्याकडे मोशीला. माझी आई कराडला एकटी, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण "माझ्यासाठी थांबलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही" ही तिची धमकी आहे.

आमचे साहेब म्हणतात लोकलच घे, पगार बघ. ऑफिसातला एक मित्र म्हणतो डेप्युटेशन घे, परतीचा दोर कापू नकोस. नवरा म्हणतो तू ठरव. "तू ठरव" हे वाक्य मला आधाराचं वाटत नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

तर, ७२,००० मधून हातात काय येतं? डेप्युटेशनची तीन वर्षं संपल्यावर तिथे राहता येतं का? आणि मुलीचं शाळेचं काय? कोणीतरी म्हणालं की तिकडे दहाव्या वर्षीच मुलांचं भवितव्य ठरवून टाकतात. खरंय का?

कटिंग_मारके

अकरा वर्षं एकाच कंपनीत?? ताई, जा आधी. विचार विमानात करा.

कराडची_लेक

विमानाचं तिकीट कुठल्या करारावर काढायचं, तेच विचारतेय दादा.

नेकारकाठ

ताई, अभिनंदन. मी स्टुटगार्टशेजारी एसलिंगेनला असतो, मूळचा निगडीचा, मीही कंपनीतूनच आलो होतो. आधी पगाराचा विषय मिटवतो, कारण तो सर्वात कमी महत्त्वाचा आहे.

७२,००० म्हणजे महिन्याला ६,००० ढोबळ. त्यातून पेन्शन, बेकारी विमा, आरोग्य आणि शुश्रूषा विमा मिळून साधारण बाराशे जातात. उरला आयकर. इथे तुमच्या नवऱ्याची रजा मध्ये येते. नवरा तुमच्यासोबत जर्मनीत राहत असेल आणि कमवत नसेल, तर तुम्हाला करवर्ग ३ मिळतो आणि हातात ४,१०० च्या आसपास येतात. तो पुण्यातच राहिला तर तुम्ही लग्न झालेल्या असूनही करवर्ग १, आणि हातात साडेतीन ते पावणेचार हजार. मुलगी तुमच्याजवळ असेल तर किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) वेगळं, ते २०२६ पासून महिन्याला २५९ युरो आहे. स्टुटगार्टच्या आसपास तीन खोल्यांचं घर सगळं धरून दीड हजाराच्या खाली मिळालं तर पेढे वाटा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतात. आणि घर बघायला गेल्यावर स्वयंपाकघरात नुसती भिंत आणि नळाचे पाइप दिसले तर घाबरू नका, ओटा आणि कपाटं बरेच भाडेकरू स्वतःची आणतात आणि जाताना उचलून नेतात. आधीच्याकडून विकत घ्या, स्वस्त पडतं.

आता मुद्द्याचं. पगार वाढवून मागण्यात जोर घालवू नका. सेवेच्या तारखेसाठी भांडा.

का ते सांगतो. लोकल करार घेतलात की जर्मन कंपनीच्या दृष्टीने तुम्ही काल लागलेल्या. इथे नोकरीवरून काढण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण सहा महिन्यांच्या सेवेनंतर सुरू होतं. बरेच जण हुशारी करून करारातलं प्रोबेशन काढून घेतात आणि खूश होतात. त्याने फक्त नोटिशीचा काळ लांबतो, कारण प्रोबेशनमध्ये तो दोनच आठवडे असतो. संरक्षणाचे सहा महिने तसेच राहतात. करारात "पुण्याच्या कंपनीतली अमुक तारखेपासूनची सेवा ग्राह्य धरली जाईल" असं वाक्य असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून तुम्ही संरक्षणात येता.

आणि हे फक्त पहिल्या सहा महिन्यांपुरतं नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, वाहनभागांच्या कंपन्यांनी गेल्या दोन वर्षांत हजारोंनी जागा कमी करायच्या घोषणा केल्यात, हे तुम्हाला तुमच्या इंट्रानेटवरही दिसत असेल. अशी कपात होते तेव्हा साहेबाला आवडत नाही म्हणून एखाद्याला काढता येत नाही. सारख्या कामाच्या माणसांमध्ये निवड करताना चार गोष्टी बघाव्या लागतात: सेवेची वर्षं, वय, पदरी किती माणसं, आणि अपंगत्व. तुमचं वय चाळिशीच्या आत, सेवा शून्य. मग यादीत वरती कोण? तुमची अकरा वर्षं धरली गेली तर चित्रच वेगळं.

एचआर म्हणेल "ग्रुप पॉलिसीत नाही". तसं म्हणू द्या. एकाच समूहातून आलेल्यांना बऱ्याच कंपन्या हे देतात, फक्त आपणहून देत नाहीत, कारण त्यांचा त्यात पैशाचा खर्च आज काहीच नसतो आणि उद्याचा असतो. तुमच्या प्लँटला बेट्रीब्सराट असेल, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. त्यांना ईमेल करा, इंग्रजीत चालेल. युनियनवाले म्हणून आपल्याकडचे इंजिनिअर त्यांच्यापासून चार हात लांब राहतात, तसं करू नका. इथे इंजिनिअरही त्यांच्याकडेच जातात.

डेप्युटेशनचं: तुम्हाला आयसीटी कार्ड मिळेल, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीवर येणाऱ्यांचा परवाना. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. करार पुण्याचा, त्यामुळे पीएफ पुण्यात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. ईपीएफओकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र घेतलं की ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनचे हप्ते भरावे लागत नाहीत. ऐकायला छान. पण कायमच्या परवान्याच्या हिशेबात हेच हप्ते मोजतात, म्हणजे ती तीन वर्षं त्या कामाची नाहीत. लोकल करारावर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, मिळतं, ७२,००० त्याच्या पगाराच्या मर्यादेच्या बरेच वर आहेत. ब्लू कार्डावर बी-१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत, ए-१ (अगदी सुरुवातीच्या पातळी) वर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नवऱ्याला दोन्हीकडे यायला जर्मनची परीक्षा लागत नाही आणि कामाची मुभा असते.

मी तुमच्या जागी असतो तर लोकल घेतला असता, सेवेची तारीख मिळत असेल तर. नसेल मिळत तर डेप्युटेशन. मधला मार्ग नाही.

मोशीचा_परतलेला

नेकारकाठ यांचं बरोबर आहे, पण ते राहिलेल्याचं बरोबर आहे. मी डेप्युटेशनवर म्युनिकजवळ होतो आणि परत आलो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

तुमच्या घरात दुसरी पक्की नोकरी आहे, तीही अनुदानित. ती एकदा गेली की गेली. गणिताच्या मास्तरांना तिकडच्या शाळेत शिकवायला पदवीची मान्यता, सहसा दोन विषय आणि जवळजवळ मातृभाषेसारखं जर्मन लागतं. म्हणजे ते काही वर्षं घरी किंवा भलत्या कामात. आमच्याकडे उलट होतं, बायको तिकडे घरी बसली होती, आणि तिचं "मी इथे कोण आहे?" ऐकायला पगाराची पावती उपयोगी पडत नाही. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार होतो तेव्हा तर नाहीच.

डेप्युटेशनचा फायदा असा की सगळे मनातून तात्पुरते असतात, त्यामुळे निर्णय मोडता येतो. तोटा मी स्वतः भोगलाय तो "समकक्ष जागा" या शब्दांचा. मी परतलो तेव्हा माझं खातं दुसऱ्याकडे होतं आणि मला "विशेष प्रकल्प" नावाची खुर्ची मिळाली. ग्रेड तीच, माणसं हाताखाली शून्य. म्हणून डेप्युटेशन घेतलंत तर पत्रात ग्रेड, गाव आणि जबाबदारीचा प्रकार लिहून घ्या. आणि तिकडे असताना इथली वार्षिक पगारवाढ कुणाच्या मूल्यांकनावर ठरणार, तेही. माझी दोघांच्या मधल्या फटीत पडली.

लोकल घेतलात तर इथल्या राजीनाम्यासोबत अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी निघेल, ती मागा, "ट्रान्सफर आहे" म्हणून लटकवू देऊ नका. मात्र पुढे कधी पुण्यात परतलात तर घड्याळ शून्यापासून.

लुडविग्सबुर्गची_आई

मी फक्त शाळेबद्दल लिहिते, बाकी पुरुषमंडळी लिहितीलच. (लिहिलंच.)

दहाव्या वर्षी भवितव्य ठरवतात हे अर्धं खरं. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. मग गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूले (दहावीपर्यंतची), गेमाइनशाफ्ट्सशूले (सगळ्यांना एकत्र शिकवणारी) असे फाटे फुटतात. मधली काही वर्षं पालकांच्या मर्जीवर होतं, आता पुन्हा आवळलंय. गिम्नाझियुमसाठी शिक्षकांची शिफारस, चौथीत होणारी कोम्पास ४ नावाची चाचणी आणि पालकांची इच्छा, या तीनपैकी दोन जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर आणखी एक परीक्षा देता येते. कोम्पास ४ जर्मन आणि गणिताची असते आणि चौथीच्या पहिल्या सहामाहीतच होते.

आता तुमच्या लेकीचं बघा. पुण्यात ती चौथीत, पण इथे वयाने तिसरीत बसेल. शाळेने किंवा तुमच्यातल्याच कुणी हुशारीने "ती चौथीत आहे" असं सांगून चौथीत बसवलं तर दोन महिन्यांत कोम्पास ४ समोर, जर्मनचा गंध नाही. तिसरीत बसवलं तर वर्षभराहून जास्त मिळतं. त्यामुळे "एक वर्ष वाया गेलं" असं सासूबाई किंवा आई म्हणाल्या तर कानाआड करा. त्या वर्षाची गरज आहे.

भाषा नसलेल्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे असतो. दिवसाचा बराचसा भाग जर्मन, आणि गणित, चित्रकला, खेळाला हळूहळू नेहमीच्या वर्गात. प्रत्येक शाळेत नसतो, म्हणून घर घेण्याआधी त्या भागातल्या शाळेला विचारा. प्राथमिकला पत्त्यानुसार शाळा ठरते, आपण निवडत नाही. आम्ही घर बघताना बाल्कनी बघितली नव्हती, शाळा बघितली होती. माझा मुलगा पहिले काही महिने वर्गात तोंड उघडत नव्हता आणि घरी आल्यावर मराठीत अखंड बडबड. मग एक दिवस फुटबॉलच्या मैदानावर जर्मनमध्ये भांडताना ऐकला, तेव्हा मी निर्धास्त झाले.

आणि गिम्नाझियुम नाही मिळालं म्हणजे इंजिनिअरिंग बंद, असं नाही. रेआलशूलेनंतर बेरुफ्लिशेस गिम्नाझियुममधून (व्यवसायाकडे झुकणाऱ्या गिम्नाझियुममधून) आबिटुअर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, करणारी कितीतरी मुलं आमच्या शेजारी आहेत. ही दारं पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी सांगत नाही.

यंदा इथली शाळा १४ सप्टेंबरला सुरू होते. १ ऑक्टोबरचं जॉइनिंग म्हणजे वर्ग जमलेला, तुमची मुलगी नंतर आलेली. जमलं तर आधी या.

नेकारकाठ

लुडविग्सबुर्गच्या ताईंनी चांगला धागा दिला. १ ऑक्टोबर आणखी एका कारणाने वाईट आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलं तर अनिवासी धरतात. एप्रिल ते सप्टेंबर मिळून १८३ दिवस होतात. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत पुण्यात राहून निघालात तर त्या वर्षी तुम्ही भारतात निवासी, आणि जर्मन पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवून तिकडच्या कराची वजावट मागत बसा. दुहेरी कर करारामुळे दोनदा भरावा लागत नाही, पण कटकट होते आणि सीएची फी होते. आणि दिवाळीला घरी आलात तर ते दिवसही याच हिशेबात धरतात. म्हणून १ सप्टेंबरचं जॉइनिंग मागा. शाळाही साधेल, करही साधेल. निघाल्यावर बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, ते टाळत राहू नका.

कराडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने सगळ्यात आधी कोम्पास ४ च्या गणिताचा नमुना शोधून काढला, त्यातली दोन उदाहरणं लेकीला घातली आणि तिसऱ्यात प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे यावर मला अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. "तू ठरव" चा अर्थ "माझी नोकरी मोजू नकोस" असा होता म्हणे. मी म्हटलं, मोजणार. करवर्ग १ आणि ३ चा फरकच महिन्याला साडेचारशे युरोंचा आहे, न मोजून कसं चालेल?

तर सध्या असं ठरलंय. लोकल करार, पण सेवेची तारीख मिळाली तरच. तो वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन लेकीबरोबर येईल. वर्ष संपायच्या आत त्याचं त्याने ठरवायचं, मी विचारणार नाही. सासूबाई माझ्या आईकडे कराडला राहायला तयार आहेत. दोघींचं पटेल का हा वेगळा धागा होईल.

एचआरला आज तीन गोष्टी कळवल्या: पुण्यातली सेवा ग्राह्य धरा, जॉइनिंग १ सप्टेंबर करा, ग्रॅच्युइटी राजीनाम्याच्या हिशेबात द्या. तासाभरात फोन आला. तारीख होऊन जाईल, ग्रॅच्युइटी नियमाप्रमाणे मिळेलच. सेवेबद्दल म्हणाले, "मॅडम, ते तिकडच्या मॅनेजरनी तोंडी मान्य केलंय, काळजी करू नका."

मोशीचा_परतलेला

तोंडी मान्य झालेल्या मालाचं पीपॅप तुम्ही पास करता का?

नेकारकाठ

हेच लिहिणार होतो. ईमेलवरही नको, करारातच हवं, आणि जर्मन प्रतीत हवं. बऱ्याच करारांत इंग्रजी भाषांतर नुसतं माहितीसाठी असतं, वाद झाला तर जर्मन मजकूर धरतात. मॅनेजरचं सोडा, तो वर्षभरात बदलेल. सही व्हायच्या आधी बेट्रीब्सराटला करार दाखवा. पुण्यात राजीनाम्याची तारीख टाकायची ती त्यानंतरच, जर्मन करारावर दोघांच्या सह्या आणि हातात व्हिसा असताना. मुंबईच्या वकिलातीत लागणारा वेळ एचआर सांगतो त्यापेक्षा जास्त धरा, म्हणजे आजपासून कामाला लागा. आणि जर्मनचे वर्ग बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात लावा, तिघांचेही. इथले लोक श्वाबी बोली बोलतात, ते कोणालाच कळत नाही, पण प्रयत्न केलेला त्यांना कळतो.

कराडची_लेक

पीपॅपचा टोमणा पोचला. उत्तर धाडलंय: जर्मन मजकुरात वाक्य आल्यावर सही करेन. दोन लेव्हल वरच्यांना सीसी केलंय.

कटिंग_मारके

आता विमानाचं तिकीट काढू का ताई?

कराडची_लेक

थांबा हो.